पांडवलेण्याचा पांढरा दगड

प्रश्न : इंग्लंडमधल्या लाइम रीजिसला जुन्या चर्चमध्ये जीवाश्मांचं संग्रहालय थाटल्याचं लेकीनं वाचलं. तेव्हापासून पांडवलेण्याच्या पायथ्याशी सापडलेला पांढऱ्या स्फटिकांचा दगड ती जीवाश्मच मानते. खरं असेल का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, त्याच चर्चमध्ये मेरी ॲनिंगचा बाप्तिस्मा झाला होता. सुताराची ही पोर समुद्रकड्यांतून जीवाश्म खणायची, विकून घर चालवायची. १८२३मध्ये तिला प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा जवळपास अख्खा सांगाडा मिळाला. तरीही बाई म्हणून लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीची, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेची दारं तिला बंदच! मला अजून राग येतो याचा. लेकीला हे जरूर सांगा.

दगड मात्र जीवाश्म नसावा. लाइम रीजिसचे कडे समुद्रतळाच्या गाळाचे, म्हणून त्यांत जीवाश्म. आपले डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइट नावाची स्फटिकी खनिजं वाढली. भिंगातून बघा : एका बिंदूतून फुटलेल्या बारीक सुया दिसल्या तर बहुधा स्कोलेसाइट, मोतिया चकाकीच्या जुड्या असतील तर स्टिलबाइट; दोन्ही झिओलाइटचेच प्रकार. मग सिन्नरच्या गारगोटी या खनिज संग्रहालयात तिथल्या नमुन्यांशी तो दगड ताडून पाहा.