जिल्ह्याच्या लॉ कॉलेजात नंबर लागलाय, घेऊ का प्रवेश?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सीईटीत पुण्याची जुनी कॉलेजं थोडक्यात हुकली, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत सोलापूरचं कॉलेज लागलं आणि आता घरात रोज तीच चर्चा. दादा म्हणतो पुण्यातल्या खासगी विद्यापीठात जा, कर्ज काढू. तू म्हणतेस एक वर्ष थांबते, पुन्हा सीईटी देते. सोलापूरचं नाव मात्र कुणी मनावर घेत नाही, कारण त्या कॉलेजला 'रँक' नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. तुला कोर्टात उभं राहून वकिली करायची असेल, तर सोलापूरला प्रवेश घे.

एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी. तिच्या विधी शाखेच्या यादीत 40 संस्था असतात आणि देशात लॉ कॉलेजं आहेत हजाराच्या वर. म्हणजे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं त्या यादीत नसणारच. त्या यादीत संशोधन मोजतात, प्राध्यापकांच्या पदव्या मोजतात, संस्थेचा नावलौकिक मोजतात. दिवाणी कोर्टात उलटतपास घेणारी किती मुलं एखाद्या कॉलेजातून बाहेर पडली, हे तिथे कुणी मोजत नाही. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देताना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल एवढंच बघते की तुझी पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या कॉलेजची आहे की नाही. त्यानंतरची एआयबीई, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची परीक्षा, सगळ्यांना एकच.

पण रँकला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. मुंबई-दिल्लीच्या बड्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि मोजक्या नावाजलेल्या कॉलेजांत जाऊन मुलं निवडतात, त्या सोलापूरला येत नाहीत. कंपन्यांचे करार, विलीनीकरणं, मोठा पगार हे तुझं खरं स्वप्न असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि पुन्हा सीईटीची तयारी कर. त्यात काही कमीपणा नाही. फक्त ते स्वप्न तुझं स्वतःचं आहे की रील्स बघून आलेलं, हे एकदा नीट तपास. मागच्या वर्षी माझ्याकडे आलीस तेव्हा तासभर तू काकूंच्या जमिनीच्या दाव्याबद्दलच बोलत होतीस, म्हणून विचारते.

आता कर्जाचं. खासगी विद्यापीठाची तीन वर्षांची फी, पुण्याचं भाडं, खाणं हे सगळं कागदावर मांड आणि पदवीनंतर महिन्याला किती हप्ता बसेल ते काढ. मग ज्युनिअर वकिलाच्या कमाईशी ताडून बघ. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली आहे. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. जिल्ह्याच्या कोर्टात सुरुवातीला अनेकांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. डोक्यावर हप्ता असलेली मुलगी चांगला सीनियर निवडत नाही, जो पहिल्या महिन्यापासून पैसे देईल त्याच्याकडे जाते, नाहीतर वकिली सोडून एखाद्या कंपनीत वसुलीच्या नोटिसा काढत बसते. चांगली शिकलेली मुलं अशी कोर्टातून निघून गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या आईवडिलांची चार एकर जमीन त्या फीसाठी बँकेत गहाण पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

वर्षभर थांबण्याचा हिशेबही बदललाय. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून मोजतात. तू न्यायाधीश व्हायचं म्हणतेस ना? मग आज एक वर्ष थांबलीस की सनद एक वर्ष पुढे आणि परीक्षाही एक वर्ष पुढे. त्या वर्षाच्या बदल्यात पुण्याची जागा मिळेलच, याची खात्री कोण देणार?

वकिली शिकायची जागा कोर्ट आहे, आणि मोहोळहून सोलापूरला रोज एसटीने येणाऱ्या मुलीला ते कॉलेजइतकंच जवळ आहे. मी मुलांना नेहमी एक दावा सांगते. वाटपाचा दावा, बहीण वादी. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या वाटपाला ती दुरुस्ती हात लावत नाही. भावांनी 2003 सालचा शंभर रुपयांचा स्टॅम्प पुढे केला आणि वाटप तेव्हाच झाल्याचं सांगितलं. बहिणीकडच्या ज्युनिअर मुलीने, आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकलेल्या, त्याच कायद्याच्या कलम 6 चं पोटकलम 5 आणि त्याखालचं स्पष्टीकरण उघडलं. वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. स्टॅम्प नोंदवलेला नव्हता. मग ती तलाठ्याकडून त्यापुढचे सातबारे घेऊन आली. वाटपाचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, पडलेला नाही, सगळ्यांची नावं सामाईक. उलटतपासात सीनियरने थोरल्या भावाला एवढंच विचारलं की 2008 चं पीककर्ज कुणाकुणाच्या सहीने काढलं. साक्षीदार गप्प झाला. जमीन सामाईक असेल तर पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात, हे त्या मुलीला घरातूनच माहीत होतं. तिच्याच सांगण्यावरून सीनियरने तो प्रश्न विचारला होता.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूची झाली आहे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला सोलापूर हे सहा जिल्हे तिथे जोडले आहेत. पूर्वी अपील म्हटलं की मुंबई, आणि मुंबई म्हटलं की फाईल दुसऱ्याच्या हातात. आता खालच्या कोर्टात चालवलेला दावा तूच वरपर्यंत नेऊ शकशील.

सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावतीत कायदा शिकले, हे तुला कुणीतरी सांगेलच. ते खरं आहे, पण त्यांच्या घरात राज्यपाल झालेल्या रा. सू. गवईंसारखे वडील होते, तुझ्या-माझ्या घरात नाहीत. त्यांच्या उदाहरणातून घ्यायचं ते वेगळंच. सनद घेतल्यावर ते मुंबईत राजा भोसल्यांसारख्या माजी महाधिवक्त्यांच्या हाताखाली शिकले. कॉलेज कुठलंही असो, सीनियर नीट निवड.

जिल्ह्याच्या कॉलेजात काय मिळणार नाही तेही ऐक. ड्राफ्टिंग, म्हणजे दावे-अर्ज लिहिणं, कुणी हाताला धरून शिकवणार नाही. मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला, वर्षातून एखादं, तेही उरकलेलं. आणि इंग्रजी. खालच्या कोर्टात मराठी चालते, परीक्षेत मराठीतून लिहायची मुभाही मिळेल, पण उच्च न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीतच करावा लागतो. म्हणून पहिल्या सत्रापासून रोज एक निकाल वाच. ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल फुकट आहेत आणि त्यातल्या बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतरही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलेस की इंग्रजीची भीती जाईल. हे कुणी तपासणार नाही, तुझं तुलाच करावं लागेल. जिल्ह्याच्या कॉलेजात मुलं मागे पडतात ती बहुतेक इथेच.

प्रवेश पक्का करण्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन ये. वर्ग खरंच भरतात का ते बघ. ग्रंथालयात भारतीय न्याय संहितेची आणि नागरिक सुरक्षा संहितेची पुस्तकं आली आहेत का, की अजून जुनी आयपीसीच आहे, ते बघ. हे नवे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू आहेत. मान्यतेचं पत्र कुठल्या वर्षापर्यंतचं आहे, ते ऑफिसात विचार. "यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघू" असं कुणी म्हणालं, तर त्या कॉलेजात पाऊल टाकू नकोस, मग फी कितीही कमी असो. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी हा बार कौन्सिलचाच नियम आहे. तसं काही आढळलं तर माझं वरचं मत मी मागे घेते आणि आपण पुढच्या फेरीचा विचार करू.

तिथून सरळ जिल्हा न्यायालयात ये, दुपारच्या सुट्टीत बाररूममध्ये मी असते. आईवडिलांनाही आण. हप्त्याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडू आणि दोन सीनियरांशी तुझी गाठ घालून देते, एक दिवाणीचे आणि एक फौजदारीच्या बाई. पहिल्या वर्षापासून सुट्टीत कुणाकडे बसायचं, ते तू त्यांच्याशी बोलून ठरव. मूळ कागदपत्रांची फाईल बरोबर असू दे, म्हणजे सगळं ठीक दिसलं तर त्याच दिवशी कॉलेजात रिपोर्टिंग उरकता येईल.

तुझी
वकीलमावशी