कॉर्डलेस आयर्न : सेल मेला की मारला?

गणपती पंधरा दिवसांवर आले की वर्षभर माळ्यावर पडलेले कॉर्डलेस सोल्डरिंग आयर्न, म्हणजे तारांना डाग देणारे बॅटरीवरचे आयर्न, खाली उतरतात. मखराजवळ प्लग नसतो, एलईडीची माळ तुटलेली असते आणि आयर्न काही तापत नाही. मग पत्रं येतात. दरवर्षी तीच.

बिट (आयर्नचं टोक) काळं पडलंय, सोल्डर (डाग देण्याचा मिश्रधातू) धरत नाही. कानशीने घासू का?

नको. आत तांबं असतं, वर लोखंडाचा पातळ मुलामा. तो गेला की वितळलेलं सोल्डर तांबं खात जातं. गरम बिट पितळी तारेच्या गुंडीत खुपसा, फ्लक्स (काळा थर काढणारी पेस्ट) लावून सोल्डर चढवा. बंद करतानाही टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्या.

आठ वॅटचा आयर्न पाऊण तासात उतरतो. बिघडलाय का?

नाही. तो दोन अँपिअरपेक्षा जास्त ओढतो. २००० एमएएचचा, म्हणजे दोन अँपिअर तासभर देणारा, सेल आणखी किती पुरणार?

वर्षभर न वापरलेला आयर्न चार्जच होत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून सेल ‘जागा’ करतात, असं व्हिडिओत पाहिलं. करू का?

तो व्हिडिओ बनवणाऱ्याला एक दिवस माझ्या टेबलाशी बसवायचा आहे.

लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. आयर्न बंद असला तरी आतलं सर्किट चिमूटभर करंट पीत राहतं. अडीच व्होल्टच्या आसपास संरक्षक सर्किट सेलला तोडतं; पण स्वस्तातल्या मालात ते सर्किटच नसतं. सेल फार खाली जाऊन तसाच पडून राहिला की आतली तांब्याची पत्री विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं. म्हणजे आतल्या आत शॉर्ट. असा सेल तुमच्यासमोर पेटेलच असं नाही. गौरी जेवायच्या दिवशी मखराच्या पडद्यामागे पेटेल.

गेल्या वर्षी एक गृहस्थ असाच ‘जागा’ केलेला आयर्न घेऊन आले. हँडलची शिवण उकललेली, सेलवरचं निळं वेष्टण सुरकुतलेलं, उघडताच गोडसर वास. मीटरवर १.१ व्होल्ट. “दोन दिवस मस्त चालला हो,” म्हणाले. चालणारच!

तेव्हा आधी मल्टिमीटर लावा. अडीचच्या खाली असेल तर सेल टाकायचा. नव्या सेलवर थेट डाग देऊ नका, त्या उष्णतेने आतलं सील आणि पडदा बिघडतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवतात. बॅटरी पॅक बनवणाऱ्याकडे ते यंत्र असतं, त्याच्याकडे जा. आणि पुढच्या वर्षी आयर्न साधारण अर्धा भरून ठेवा, दर तीन महिन्यांनी बघा.

९९०० एमएएचचा सेल ऑनलाइन दीडशेला मिळतोय. घेऊ का?

१८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्या सेलमध्येही ३५०० ते ४०००च्या पुढे जागा नसते. बाकीचा आकडा छापखान्यातला. आला असेलच तर काट्यावर ठेवा. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. फारच हलका भरला तर परत पाठवा.

महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी म्हणतात, खरं का?

निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला. लिथियमला घातक.

गॅसच्या आयर्नमध्ये घरच्या सिलिंडरचा गॅस भरता येईल?

नाही. त्यात प्रोपेनही असतो, दाब कितीतरी जास्त. शुद्ध ब्युटेनच हवा. लायटरच्या हलक्या प्रतीच्या गॅसने जेट (गॅस बाहेर पडण्याचं बारीक भोक) तुंबतं. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं. व्हॉल्व्ह गळत असेल तर घरी उघडूही नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

जूनपासून बॅटरी जराशी फुगली आहे, पण आयर्न चालतो. विसर्जनानंतर बदलली तर चालेल का?

जूनपासून? आज. चार्जर काढा, टोचू-दाबू नका, कोरड्या वाळूच्या डब्यात घालून डबा घराबाहेर ठेवा. घंटागाडीत टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून ‘फुगलेली आहे’ असं सांगा आणि मगच न्या.