ओवीतला क्रम

प्रिय लेकी,

तुझी मेल दोनदा वाचली. एकदा मोबाइलवर, चष्म्याशिवाय, म्हणजे अर्धीमुर्धी. मग शेजारच्या मुलाकडून छापून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. शिक्षकी खोड आहे, आता जायची नाही. तुझ्या चार पानांत 'सोलमेट' अकरा वेळा आलंय, 'कर्म' सात वेळा, आणि त्यानं मनगट पिरगळल्याचं फक्त एकदा, तेही कंसात. पेन्सिलीची खूण मी त्या कंसावर केली.

तू विचारलंस, "बाई, मागच्या जन्मीचं देणं असेल म्हणूनच हा भेटला ना? मग ते निमूट फेडणं हीच साधना नाही का?" आणि पुढे, "करुणा म्हणजे तेच ना?"

ऋणानुबंध हा शब्द मी आईच्या तोंडून ऐकत वाढले. कल्हईवाला आला, ऋणानुबंध. चुकीच्या घरी आलेला पाहुणा जेवून गेला, ऋणानुबंध. पण त्या हिशेबात देणेकरी कायम ती स्वतः असायची आणि देणं म्हणजे चहा नाहीतर दोन भाकऱ्या. मार खाणं हे देणं तिच्या वहीत नव्हतं.

ते मी वाड्यातल्या नळावर ऐकलं. आमच्या समोरच्या खोलीतल्या काकूंना नवरा मारायचा. बायका पाणी भरता भरता म्हणायच्या, "काय करणार, तिचं प्रारब्ध." मी एकोणीस वर्षांची, चार पुस्तकं वाचलेली. एकदा काकू भांडी घासत होत्या आणि मी त्यांना समजुतीच्या सुरात म्हणाले, "भोग आहे काकू, भोगून संपेल." त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. दार वाजवण्याचं, माणसं गोळा करण्याचं माझं काम मी त्यांच्या मागच्या जन्मावर ढकललं होतं. कर्माबद्दल बोलताना मी स्वतः केलेलं ते कर्म होतं बघ.

फार उशिरा, निवृत्तीनंतर, संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या जुन्या पाली संग्रहात, एक छोटा संवाद वाचला. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धांना विचारतो: काही लोक म्हणतात, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वीच्या कर्मानं होतं, हे खरं का? बुद्ध म्हणतात, असं म्हणणारे उघड्या डोळ्यांनी दिसतं त्याच्याही पलीकडे जातात. आणि मग कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतुपालट, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात. या सातांनंतर आठवं येतं ते कर्मफळ. सातवं पुन्हा वाच. दुसऱ्यानं केलेली इजा हे स्वतंत्र कारण म्हणून तिथं नोंदलेलं आहे. तुझं मनगट त्या सातव्या रकान्यात जातं.

आपल्याकडे संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे कर्माचे तीन भाग सांगतात. मी शेतकऱ्याच्या घरातली, मला ते असं कळतं: कणगीत साठलेलं, जात्याखाली आलेलं, आणि आत्ता मुठीतून जमिनीत पडतंय ते. तुझं सगळं लक्ष कणगीकडे आहे. आणि मूठ? तू त्याच्या रागाला रोज माफी पेरतेस, त्यालाही सवय लागतेय आणि तुलाही. हेही क्रियमाणच आहे. बुद्ध तर कर्म म्हणजे चेतना म्हणतात, कृतीमागचा हेतू. त्या हेतूपुरतं स्वतःला विचार: तू गप्प बसतेस ती मायेनं की भीतीनं?

आता बहिणाबाई. तू लिहिलंस की कुणीतरी तुला शिऊरच्या संत बहिणाबाईंचा दाखला दिला, 'त्यांनी सोसलं, शेवटी नवरा बदलला.' (हा दाखला देणारे बहुधा पुरुष असतात, हे माझं निरीक्षण.) गोष्ट खरी आहे, पण अर्धी. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालं, तुकोबांचा ध्यास लागला म्हणून नवऱ्यानं मारलं. हे आपल्याला कुठून कळतं? त्यांच्याच अभंगांतून. सतराव्या शतकातल्या त्या बाईनं स्वतःचा मार स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला, कंसात घातला नाही. पूर्वजन्मांवर तिचा पूर्ण विश्वास होता, मुलाला तिनं आपले मागचे बारा जन्म सांगितले. एवढं मानणाऱ्या बाईचाही तुकोबांचा ध्यास शेवटपर्यंत सुटला नाही. पुढे तोच पस्तावला आणि दोघं देहूला आले. तू या माणसासाठी काय काय सोडलंस, त्याची यादी तुझ्याच पत्रात आहे: गाण्याचा क्लास, दोन मैत्रिणी, आणि रविवारी घरी फोन करणं.

सोलमेट या शब्दावर माझा राग नाही. आपल्याकडे त्याहून जुना शब्द आहे आणि तुला तो शाळेपासून पाठ आहे. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, तिच्या शेवटच्या मागण्यात, पसायदानात, तो येतो: मैत्र जीवाचें. आपण ते हात जोडून, डोळे मिटून म्हणतो, त्यामुळे क्रमाकडे लक्ष जात नाही. आधी काय मागितलंय? खळांची व्यंकटी सांडो. मग, तयां सत्कर्मीं रती वाढो. आणि त्यानंतर मैत्र. वाकडेपणा गळला, चांगलं करण्याची गोडी लागली, मग जिवाची मैत्री. तुला शेवटची पायरी आधी हवी आहे, 'आमचं मैत्र आहे, त्याची व्यंकटी जाईल हळूहळू'. शिवाय तिथं 'परस्परें' असा शब्द आहे. एकट्या बाजूनं जडतं त्याला मैत्र म्हणत नाहीत, ज्ञानोबाही म्हणत नाहीत.

आठवतं, तू माझ्याबरोबर वारीला आली होतीस? पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, वर दिवेघाट. मुक्कामावर पोचलो तेव्हा तुझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि तू रडकुंडीला येऊन ट्रकच्या सावलीत बसली होतीस. दुसऱ्या दिंडीतली एक आजी आली, "माउली, पाय दे," म्हणाली. तू संकोचानं पाय ओढून घेतलास, तिनं पुन्हा पुढे घेतला. तेल कोमट करून आणलं होतं. फोडाला हात न लावता, कडेकडेनं, पोटऱ्यांपर्यंत चोळलं तिनं. मग तू उठलीस आणि तिच्या पाठीला तेल लावलंस, कारण तिला स्वतःला पाठीपर्यंत हात पोचत नव्हता. नावं विचारली नाहीत तुम्ही एकमेकींना. पहाटे तिची दिंडी पुढे गेलेली. त्या रात्री तू म्हणालीस, "बाई, ती माझी कोण असेल हो?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, झोप आली होती खरं सांगायचं तर.

या माणसाबद्दल तुला करुणा वाटते, ती खोटी नाही. त्याचं बालपण वाईट गेलं, मान्य. पण करुणा करायला त्याच्या हाताच्या अंतरावर उभं राहावं लागत नाही. इगतपुरीला धम्मगिरीवर मी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, तेव्हा मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं मागण्याचं ध्यान, शिकवली ती दहाव्या दिवशी. त्याआधी सगळे दिवस फक्त आपला श्वास, आपल्या संवेदना, आपली कुरकुर. मला तेव्हा वाटलं, एवढं चांगलं ते शेवटी कशाला ठेवतात? चौथ्या दिवशी माझ्या मनातून काय काय बाहेर आलं ते पाहिल्यावर कळलं. त्याच्यासाठी रोज मंगल माग, मी नको म्हणत नाही. आपल्या खोलीत बसून, आतून कडी लावून माग.

आता कामाचं. त्या दोन मैत्रिणींपैकी एकीला आज रात्रीच मनगटाचं सांग, कंस काढून. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेव, लागेल न लागेल. त्याला शेवटचं समजावायला एकटी जाऊ नकोस. एकादशीला माझ्याकडे ये, खिचडी करीन, साबुदाणा भिजवण्याआधी कळव. येताना आईला बरोबर आणलंस तरी चालेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव, मी आधी तोंड उघडणार नाही.

आणि मनगट कोणतं ते लिहिलं नाहीस. उजवं असेल तर उत्तर टाइप करत बसू नकोस, फोन कर. अकरापर्यंत मी जागी असते.

तुझी,
बाई