उत्क्रांती शिकताय? सुरुवात कवटीपासून करा

माणूस आणि चिंपांझी यांची तुलना करत उत्क्रांती शिकायची, छान विषय निवडलात! आधी एक गैरसमज काढून टाका: चिंपांझी आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता आणि तेव्हापासून चिंपांझीही आपल्याइतकाच काळ बदलत आलाय. म्हणून उत्क्रांतीचं चित्र काढताना शिडी नको, झाडाच्या फांद्या काढा.

दोन्ही कवट्यांच्या प्रतिकृती उलट्या करून पाहा. मज्जारज्जूचं भोक माणसात तळाच्या मध्याजवळ, चिंपांझीत मागे सरकलेलं. माणसाचं डोकं ताठ कण्यावर तोललं जातं, ते यामुळेच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘आधी मेंदू वाढला’ असं समजणं. १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेली ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘ल्युसी’ ही माणसाची प्राचीन नातलग दोन पायांवर चालायची, पण मेंदू जेमतेम चिंपांझीएवढा!

माणूस आणि चिंपांझीचा डीएनए किती टक्के जुळतो, ते सध्या बाजूला ठेवा.