भावाच्या श्वासाची भीती

प्रश्न : पाचपावलीत राहते. धाकटा भाऊ ब्राऊन शुगर घेतो. गेल्या महिन्यात ओठ निळे पडले, श्वास घरघरत होता. दवाखान्यातल्या एका सुईनं तो उठून बसला. ती सुई घरी ठेवता येईल का?

उत्तर : ताई, ती सुई नॅलॉक्सोनची. तिनं नशा होत नाही, तरी आपल्याकडे ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं, की हे औषध घरच्यांच्या, मित्रांच्या हाती द्या. अमेरिकेत 2023 पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकत मिळतो. नियम असावेत, पण श्वास थांबतो तो घरात, गल्लीत. औषधही तिथंच हवं, असं मला मनापासून वाटतं. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना चिठ्ठीबद्दल आणि सुई टोचायला शिकवण्याबद्दल स्पष्ट विचारा.

पुन्हा तसं झालं तर आधी 108 लावा. श्वास थांबला असेल तर तोंडानं द्या; चालू असेल तर कुशीवर वळवा. सुईनं शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण तिचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. उपचारांच्या चौकशीसाठी 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या धाकानं फोन टाळू नका, ताई.