कॉम्प्युटरवर ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’ असं आलं, मामांनी फोन केला आणि एनीडेस्कचा (दुरून आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला चालवू देणारं ॲप) नंबर दिला. आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मामांची मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे, हिशेब टॅलीत आहेत आणि त्याच मशीनवर नेट बँकिंगही चालतं. म्हणजे घाई करायलाच हवी, पण क्रम चुकवू नका.

फोन अजून चालू असेल तर काही न बोलता ठेवून द्या. ‘पोलिसात देतो’ असं सुनावायला जाऊ नका. तोवर मशीन फोनवरच्या भामट्याच्या ताब्यात असतं आणि चिडला की तो फायली उडवू शकतो. आधी राउटरचा स्विच बंद करा, मग मशीनचं पॉवर बटण दाबून धरा. बँकेचं काम होईपर्यंत मशीन सुरू करू नका.

बँकेला दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन करा. नंबर एटीएम कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय, तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. आपल्याकडे बऱ्याच पेढ्यांची खाती सहकारी बँकेत असतात. तिथे रात्री कुणी फोन उचलेलच असं नाही, म्हणून शाखाधिकाऱ्यांचा मोबाइल नंबर आधीपासून जवळ हवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. खातं क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी असतो) समोर ठेवूनच फोन लावा. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. १९३०ची तक्रार त्या त्या बँकेकडे जाते आणि वाटेत जेवढी रक्कम सापडेल तेवढी गोठवली जाते. म्हणून इथे तास नव्हे, मिनिटं मोजायची. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर थेट तक्रार भरा. पोलिसांत जायचं तर जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहेच, पण कोल्हापुरात शाहूपुरी किंवा राजारामपुरी ठाण्यातही तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १७३ नुसार ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही.

वेळ लिहून ठेवायला सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पासवर्ड ग्राहकानेच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं.

मामांना रागावू नका. फोनवरची ही भामटी मंडळी जे दाखवतात ते खरोखरच तुमच्या मशीनवर असतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत लाल खुणांची लांबलचक यादी दाखवून ‘एवढे व्हायरस’ म्हणतात, पण त्या नोंदी ठणठणीत विंडोजमध्येही रोज पडतात. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘ट्री’ कमांड देतात आणि फोल्डरांची नावं सरसर धावू लागली की ‘स्कॅन चालू आहे’ म्हणतात. ‘असॉक’ कमांडने ८८८डीसीए६० ने सुरू होणारा क्रमांक काढतात आणि ‘हा फक्त तुमच्याच मशीनचा लायसन्स नंबर’ असं पटवतात. तो सगळ्या विंडोज मशीनवर एकच असतो. ‘चुकून जास्त रिफंड आला, परत करा’ हाही खेळच: एफ१२ दाबून ब्राउझरमधल्या बँकेच्या पानावर शिल्लक आकडा बदलतात. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढं मामांना नक्की सांगा.

आता मशीन, पण नेट न जोडता. एनीडेस्क काढायच्या आधी सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये ‘एनीडेस्क’ फोल्डर शोधा. त्यातली ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची टेक्स्ट फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. कोणत्या एनीडेस्क नंबरवरून, किती वाजता कुणी आत आलं हे तिच्यात असतं, पोलिसांना ती द्या. इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर ती ‘ॲपडेटा’मध्ये मिळते. टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो आणि कागदपत्रंही त्याच वेळी काढून घ्या, प्रोग्रॅमच्या फाइली नकोत. मग विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मधून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने बसेल. नुसतं एनीडेस्क अनइन्स्टॉल करून भागेल असं पुष्कळ कॉम्प्युटर दुरुस्तीवाले दुकानदार सांगतात. मला ते पटत नाही. त्या वेळात दुसरं काय बसवलं हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि पेढीच्या मशीनवर तो धोका कशाला?

पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे त्याच्यावरूनच रीसेट होतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये कुणी फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलाय का तेही बघा. मामांच्या मोबाइलवरही स्क्रीन शेअरचं ॲप घालायला लावलं असेल तर ते काढाच. बँकेचं ॲप काळं दिसत असलं तरी वर येणारा ओटीपी समोरच्याला वाचता येतो.

पुढच्या वेळी तसं पान उघडलं आणि भोंगा वाजायला लागला तर एस्केप दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, ब्राउझर निवडा, एंड टास्क. परत उघडताना ‘रिस्टोअर’ दाबू नका, तेच पान परत येईल. कोपऱ्यात चौकटी उगवत राहिल्या तर तो बहुधा व्हायरस नव्हे, कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समधून ती साइट काढा.

अजून एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांचे नंबर ही मंडळी एकमेकांना विकतात. पैसे परत द्यायला पोलीस किंवा बँक फी मागत नाहीत. तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये (संशयास्पद फोन कळवायची सोय) नोंदवा आणि ब्लॉक करा.