वाचकांचे प्रश्न : शीर्षकगीतांची चाल

प्रश्न : माझा मुलगा संवादिनी उत्तम वाजवतो आणि मालिकांच्या शीर्षकगीतांना चाली देण्यातच त्याला कारकीर्द करायची आहे. त्यावर घर चालेल का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : केवळ शीर्षकगीतांवर घर चालवणे अवघड आहे, कारण मालिका वर्षानुवर्षे चालली तरी चाल एकदाच लागते. ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ यांच्या शीर्षकगीतांनी घरोघरी पोहोचलेल्या अशोक पत्की यांनीही जाहिरातींच्या असंख्य जिंगल्स केल्या आहेत, आणि थोडक्या सेकंदांत सगळे सांगण्याची ती शिस्त, आमच्या मते, कोणत्याही पदवीपेक्षा मोलाची आहे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला पडदा दिसत नसतो. कुकरच्या शिट्टीतूनही पहिल्या तीन-चार सुरांत तिने मालिका ओळखली, तरच चाल जमली असे समजावे. (पुढचे आलाप बहुधा कात्रीतच जातात!)

पैशांबाबत मात्र कागद नीट वाचावा. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा राखून ठेवला आहे. तो मिळावा म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घेता येते. बहुतेक कामे मुंबईत ठरत असली तरी नमुना धून घरच्या संगणकावर तयार करून नागपुरातूनही पाठवता येते. तूर्त चिरंजीवांनी येथील नाट्यसंस्थांच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत द्यावे आणि दहा जिंगल्स ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.